खुब्यावरचा भार

खुब्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे लोक हमखास दोन गोष्टी विचारतात: खर्च किती आला आणि चालायला कधी लागणार. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी मनाशी आधीच ठरवलेले असते, आणि ते पलंगावरच्या माणसाच्या अंगकाठीकडे बघून ठरवलेले असते. अंगाने भरलेली बाई दिसली की "वजनामुळे जरा जड जाईल" असे दाराशी जाऊन हळूच म्हटले जाते. काटकुळी म्हातारी दिसली की "हलक्या आहेत, पटकन उठतील" असा धीर घरच्यांना दिला जातो. नाशिकमध्ये आमच्याच घरात, एका पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच्या काळात, अशी दोन आजारपणे झाली. दोन्हींच्या उशापायथ्याशी मी होते, आणि वजन व बरे होणे यांचा संबंध लोक समजतात तसा सरळ नाही, हे मला या काळात जवळून पाहायला मिळाले.

थोरली बहीण, आमची ताई, इंदिरानगरात पोळी-भाजी केंद्र चालवते. वय ५८, उंची ५ फूट १ इंच. ऑपरेशनच्या वेळी तिचे वजन ९४ किलो होते. आत्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहते. वय ७९, उंची ४ फूट १० इंच आणि पडण्याआधी वजन ३८ किलो. ताईचा खुबा झिजून निकामी झाला होता, म्हणून ठरवून, तारीख घेऊन तो बदलावा लागला. आत्या न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. वैद्यकीयदृष्ट्या ही दोन निराळी प्रकरणे आहेत आणि त्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही दोघींच्या पलंगाशी लोक जे बोलले, ते एकाच समजुतीतून आलेले होते.

ती समजूत सर्वस्वी खोटी नाही, म्हणून आधी तिच्यात खरे किती आहे ते सांगते. चालताना प्रत्येक पावलागणिक आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी शरीराचा भार टेकलेल्या पायाच्या आतल्या बाजूला असतो आणि तो कंबरेला तिकडे झुकवू पाहतो. ही कंबर सरळ धरून ठेवण्याचे काम कुल्ह्याच्या बाहेरच्या अंगाला असलेला ग्लुटिअस मिडिअस नावाचा स्नायू करतो. किराणा दुकानातला जुना तराजू डोळ्यांसमोर आणावा, फक्त त्याची एक दांडी दुसरीच्या दुपटीहून लांब आहे अशी कल्पना करावी. लांब दांडीला देहाचा भार, आखूड दांडीला हा स्नायू, आणि मधला काटा म्हणजे खुब्याचा गोळा. आखूड दांडीवरून ओढणाऱ्याला दुपटीहून जास्त जोर लावावा लागतो आणि मधल्या काट्यावर दोन्ही बाजूंचा भार येतो. त्यामुळे साध्या चालण्यातसुद्धा खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट दाब पडतो. फ्रीड्रिख पाउवेल्स या जर्मन अस्थितज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गणित मांडले. पुढे बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम सांध्याच्या आतच दाब मोजणारी यंत्रणा बसवून तो प्रत्यक्ष चालत्या माणसांत मोजला. ठेच लागून तोल सावरताना हाच दाब वजनाच्या सात-आठ पटींपर्यंत गेल्याचे त्यांच्या मोजणीत दिसले.

याचा अर्थ ताईच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला अडीचशे किलोच्या आसपास भार येत होता. एक किलो वजन कमी झाले की खुब्यावरचा भार अडीच-तीन किलोंनी हलका होतो, हे डॉक्टरांचे सांगणे त्यामुळे खरेच आहे. पण याच गणिताचे दुसरे अंगही तितकेच खरे आहे, आणि ते कोणी सांगत नाही. तराजू तोलून धरणारा स्नायू दुबळा असेल, तर समोरचे वजन ९४ असो की ३८, कंबर एका बाजूला पडणारच आणि माणूस लचकत चालणारच. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायला सांगतात, तेही याच कारणासाठी. त्या हाताला मिळालेली दांडी इतकी लांब असते की काठीवर थोडासा जोर दिला तरी स्नायूचे बरेच कष्ट वाचतात. आपल्याकडे कितीतरी माणसे काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांमध्ये अशी कोणी दिसली की थांबून सांगावेसे वाटते, आणि अलीकडे मी सांगतेही.

ताईचा खुबा वजनाने गेला, असे नात्यातल्या प्रत्येकाने गृहीत धरले होते. वस्तुस्थिती तशी नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी तिला पेम्फिगस हा त्वचेचा चिवट आजार झाला होता आणि तो आटोक्यात आणायला स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागल्या होत्या. जीव वाचवणारे ते औषध काही जणांच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तोडते. हाड आतून मरत जाते आणि हळूहळू खचते. यालाच अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, आणि भारतात तरुण व मध्यम वयात खुबा बदलावा लागण्याचे ते एक मोठे कारण आहे. स्टिरॉइडने भूक वाढते, चेहऱ्यावर आणि पोटावर चरबी साठते, मांड्यांचे स्नायू मात्र झिजतात. म्हणजे ज्या औषधाने खुबा गेला त्याच औषधाने वजनही वाढवले, आणि खुबा दुखू लागल्यावर चालणे थांबले म्हणून ते आणखी वाढले. तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या, पण बघणाऱ्यांना त्यातली फक्त एकच दिसत होती, कारण तीच डोळ्यांना दिसणारी होती. गुडघ्याच्या झिजेशी लठ्ठपणाचे नाते जितके घट्ट आहे, तितके ते खुब्याच्या झिजेशी नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

ऑपरेशनसाठी पहिल्यांदा जिथे गेलो, तिथे ताईचे वजन १०० किलो भरले. बॉडी मास इंडेक्स ४१ च्या वर. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी हे सूत्र काढले, ते माणसांच्या मोठ्या समूहांचा अभ्यास करताना. एकट्या रुग्णाच्या देहात चरबी किती आणि स्नायू किती, हे त्यातून कळत नाही. भारतीयांसाठी २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानावा, अशी खालची रेषा आपल्याकडच्या तज्ज्ञांनी आखली आहे, कारण आपल्या देहात कमी वजनातही पोटाची चरबी जास्त असते. सांधेबदलाच्या बाबतीत मात्र अनेक शल्यचिकित्सक ४० ही मर्यादा मानतात. त्या डॉक्टरांनी ताईला वीस किलो कमी करून या, असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

वीस किलो कसे कमी करायचे, हे त्यांनी सांगितले नाही. जिला संडासापर्यंत जाताना भिंत धरावी लागते तिने फिरायला जावे तरी कसे? ताईने मग खाणे तोडले. सकाळी काकडी, दुपारी ताक, रात्री अर्धी भाकरी. केंद्रातल्या बायका पंगतीला बसत तेव्हा ती हिशेबाची वही घेऊन आतल्या खोलीत जाई. काही महिन्यांत सहा किलो उतरले आणि नात्यात तिचे कौतुक झाले. पण खुर्चीतून उठताना तिला आता दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागू लागला. जे उतरले त्यात मांडीच्या मांसाचा मोठा वाटा होता.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या तपासण्या केल्या तेव्हा रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन ३.२ निघाले. साडेतीनच्या खाली ते गेले की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, असे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. सूज किंवा यकृताच्या आजारानेही हा आकडा उतरतो, म्हणून एकट्या त्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. पण ताईचे खाणे ऐकल्यावर डॉक्टरांना शंका उरली नाही. शंभराच्या जवळ वजन असलेली बाई कुपोषित आहे, हे ऐकून आमचे मेहुणे चक्रावले. डॉक्टरांनी तिला आधी जेवायला सांगितले. दोन्ही वेळा डाळ-उसळ, रोज दही, अंडी चालत असतील तर अंडी, आणि खुर्चीत बसून मांड्यांचे व्यायाम. "वजन आहे तेवढंच राहू द्या ताई, पण त्यातलं मांस वाढवा," हे त्यांचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि खुबा-गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी २०२३ मध्ये मिळून ज्या सूचना केल्या, त्यांचाही रोख असाच आहे: खरोखर गरज असलेल्या रुग्णाचे ऑपरेशन केवळ वजनाचा ठरावीक आकडा गाठण्यासाठी लांबवू नये. रक्तातली साखर ताब्यात नसेल तर मात्र थांबावे, आणि निकोटिन कमी करण्यासाठीही थांबावे, असे त्या सांगतात. आपल्याकडे हे तंबाखूबरोबर मशेरीलाही लागू आहे. मशेरी लावणाऱ्या बायका डॉक्टरांनी विचारले तर "कसलंच व्यसन नाही" असे सांगतात, कारण मशेरीला त्या व्यसन समजतच नाहीत. जखमेला मात्र तो फरक कळत नाही.

जड शरीरावर खुब्याचे ऑपरेशन करणे अवघड असते, यात वाद नाही. सांध्यापर्यंत पोहोचायला चरबीचा जाड थर ओलांडावा लागतो, छेद मोठा घ्यावा लागतो, वेळ जास्त लागतो. कमरेत भुलीची सुई टोचताना मणक्यांमधली जागा बोटाला लागत नाही. झोपेत घोरण्याचा आणि श्वास अडकण्याचा त्रास असेल तर ऑपरेशननंतरच्या रात्री लक्ष ठेवावे लागते. जंतुसंसर्ग टाळायला छेदाआधी जे प्रतिजैविक देतात, त्यातले सेफाझोलिन एरवी दोन ग्रॅम देतात, पण १२० किलोंच्या वर तीन ग्रॅमची शिफारस आहे. चरबीला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे जखम ओली राहणे, टाक्यांतून पाझर येणे, सांध्यात जंतू शिरणे, पायात रक्ताची गुठळी होणे, गोळा वाटीतून निसटणे, या सगळ्याच गोष्टींचा धोका वजनाबरोबर वाढतो, आणि बॉडी मास इंडेक्स ४० च्या पुढे गेला की तो जास्तच चढतो. जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात आधुनिक सांधेबदल रुजवला तेव्हाचा धातूचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा होता. आता ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे गोळे सर्रास वापरतात, कारण मोठा गोळा सहजासहजी निसटत नाही. ताईला ३६ चा बसवला.

तिच्या जखमेतून पहिल्या आठवड्यात पिवळसर पाणी पाझरत होते. परिचारिका दर वेळी पट्टी सोडताना आधी कापसाचा बोळा जखमेच्या कडेकडेने दाबून बघत, पाण्याचा रंग पाहत, वास घेत, मग मांडीच्या वरच्या घडीत हात घालून तिथली कातडी कोरडी आहे ना याची खात्री करीत. घामाने तिथे चिकटपणा आला की त्या धुतलेल्या जुन्या धोतराची चौपदरी घडी मागत आणि ती घडीत सरकवून ठेवत. त्यांच्या मते त्या जागी बाजारातल्या कुठल्याही पॅडपेक्षा जुने सुती कापड बरे. या कामात त्यांनी ताईला एकदाही अवघडल्यासारखे वाटू दिले नाही. पाझर थांबला, टाके वेळेवर निघाले. जड रुग्णाच्या बरे होण्यातला केवढा मोठा भाग या अशा निगुतीच्या कामात असतो, हे तिथे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिला उभे केले. एका बाजूला फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या बाजूला धष्टपुष्ट वॉर्डबॉय, आणि पुढे वॉकर. वॉकर, कमोड खुर्ची या वस्तूंवर किती किलोंपर्यंतचा भार चालतो ते लिहिलेले असते. भाड्याने आणलेल्या पहिल्या खुर्चीचे पाय ताई बसताच फाकू लागले, म्हणून ती परत करून जाड नळ्यांची आणली. खाली बसायचे नाही, मांडी घालायची नाही, पाय पोटाशी घ्यायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी ठेवायची, या सूचना सगळ्यांना असतात तशा तिलाही होत्या. तिच्या जमेची एक बाजू मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. वर्षानुवर्षे कणीक मळून आणि शेकडो पोळ्या लाटून तिचे दंड आणि खांदे कमालीचे बळकट झाले होते. वॉकरवर स्वतःला तोलून धरताना तिचे हात थरथरले नाहीत. फिजिओथेरपिस्टने ते लगेच ओळखले आणि तिच्या व्यायामाचा वेग त्या बळावर वाढवला. ऑपरेशनने मिळणारा आराम वजनदार माणसालाही जवळजवळ तेवढाच मिळतो. शेवटी तो गाठतो ती पातळी थोडी खालची असली, तरी त्याने जिथून सुरुवात केली तिथून त्याची चढण इतरांएवढीच असते. ताईच्या बाबतीत ते अगदी खरे ठरले. रात्रीची ती आतून कुरतडणारी वेदना पहिल्याच आठवड्यात गेली.

आत्याची गोष्ट निराळी. तिला रुग्णालयात नेले तेव्हा स्ट्रेचरवर ती जेमतेम दिसत होती. मोडलेल्या खुब्याचे ऑपरेशन दोन दिवसांच्या आत व्हावे असे मानतात आणि तिचे तेवढ्यात झाले. चरबीचा थर नव्हता, रक्तस्राव थोडा झाला, सर्जन समाधानाने बाहेर आले. भेटायला येणारे सगळे निश्चिंत होते. आणि तिथून पुढे काहीच सुरळीत झाले नाही. पहिल्या रात्री तिला भ्रम झाला; वाड्यातली जुनी माणसे दिसू लागली. माकडहाडावर मांस नसल्यामुळे तिथली कातडी लाल होऊन सोलवटू लागली. उभे केले की गुडघे लटपटत आणि ती दमून खाली बसे. फिजिओथेरपिस्ट आले की ती डोळे मिटून घेई.

हलके शरीर म्हणजे लवकर उठणारे शरीर, ही समजूत इथे पूर्ण कोसळली. खरे तर तिचे हलकेपणच मोडण्याच्या मुळाशी होते. कुल्ह्याच्या बाहेरच्या अंगाला असलेली चरबी पडताना गादीसारखी कामी येते. ती नसली की पडण्याचा सगळा आघात थेट हाडावर बसतो. आयुष्यभर कमी भार पेललेले हाडही विरळ असते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांमध्ये जे फार बारीक असतात त्यांच्यात पुढच्या वर्षभरात दगावण्याचे प्रमाण मध्यम किंवा थोडे जास्त वजन असलेल्यांपेक्षा अधिक असते, असे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. त्यातल्या काहींचे बारीकपण आधीच्या आजाराने आलेले असते, हे खरे. पण ऑपरेशननंतर शरीराला जखम भरायला, रक्त भरून काढायला, जंतूंशी झुंजायला जे इंधन आणि जी प्रथिने लागतात, ती बाहेरून मिळाली नाहीत तर शरीर ती स्वतःच्या स्नायूंतून काढते, आणि आत्याकडे काढायला काही उरलेले नव्हते. धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसते अंथरुणावर ठेवले तर त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस गेल्याचे २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. ज्या बाईचे सगळे मिळून वजनच ३८ किलो आहे, तिला हा खर्च कसा परवडावा?

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मुलीने शिंप्याची टेप काढून आत्याच्या पोटरीचा घेर मोजला. २६ सेंटीमीटर भरला. वृद्धांच्या पोषणाच्या चाचणीत ३१ च्या खालचा आकडा धोक्याचा मानतात. मग तिने आत्याला ती रोज काय खाते ते विचारले, आणि आत्याने अभिमानाने सांगितले. सकाळी चहा. दुपारी वरणाच्या वरचे पाणी आणि मऊ भात. रात्री काही नाही, फार तर लाडवाचा तुकडा. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी हे उपवास साबुदाण्याच्या खिचडीवर. चातुर्मासात एकभुक्त. वैधव्यानंतर गेली कित्येक वर्षे हेच चालले होते, आणि आम्ही सगळे तिच्या या मिताहाराचे गुण गात आलो होतो. "बघा, या वयात साखर नाही, बीपी नाही, अंगावर तोळाभर चरबी नाही." ताईच्या पोळीवर कोणी तूप वाढले तरी घरातल्या चार नजरा तिकडे वळत, आत्याने ताट अर्धे ठेवले तर त्याकडे कोणाची नजर गेली नाही. वजनाबद्दलची ही एकडोळी जागरूकता मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते. जाडीला आपण दोष समजतो म्हणून ती दिसते. बारीकपणाला गुण समजतो म्हणून त्यातला आजार दिसत नाही. आणि आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत तर तो गुण संयमाच्या, व्रतस्थपणाच्या कौतुकाखाली आणखी खोल दडून राहतो.

अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला निदान सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत. आत्याला म्हणजे ४५ ते ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅम असतात, पेलाभर दुधात सहा-सात. साबुदाण्यात जवळजवळ शून्य. भेटीला येणाऱ्यांनी प्रेमाने आणलेले डिंकाचे लाडू दोघींच्याही घरी डब्यांनी साठले होते. डिंकात प्रथिने नावापुरतीच. लाडवातली ताकद तूप, खोबरे आणि खारकेची. आत्याला त्या उष्मांकांची गरज होती म्हणून तिने ते खावेत, ताईने चवीपुरते घ्यावेत, असे ठरले. एकाच डब्यातला लाडू एकीला औषध आणि दुसरीला नाही, हे समजावून सांगताना आणणाऱ्यांची मने दुखणार नाहीत याची काळजी घ्यावी लागली.

आत्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिच्या डिस्चार्ज कार्डावर औषधे होती, व्यायाम होते, टाके कधी काढायचे ते होते. वजनाचा रकाना मात्र कोरा होता. ती स्ट्रेचरवरून आली, उभी राहू शकत नव्हती, म्हणून तिचे वजन कोणी केलेच नव्हते. औषधांचे डोस अंदाजाने दिले गेले होते. ताईच्या कार्डावर "वजन कमी करणे" असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. घरी आल्यावर भाच्याने तोडगा काढला. तो आधी एकटा काट्यावर उभा राहिला, मग आत्याला दोन्ही हातांवर उचलून पुन्हा उभा राहिला आणि वजाबाकी केली. साडेछत्तीस. रुग्णालयातल्या मुक्कामात दीड किलो गेले होते, आणि ते कागदावर कुठेच नव्हते. तेव्हापासून दर रविवारी हा प्रकार होतो आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिला जातो.

ऑपरेशननंतर दुखणे थांबले की चालणे वाढेल आणि वजन आपोआप उतरेल, अशीही एक आशा असते. ताईलाही होती. तसे सहसा होत नाही. बहुतेकांचे वजन आहे तिथेच राहते आणि काहींचे वाढते, कारण सांधा बदलला तरी दिवसाची घडी बदललेली नसते. ती वेगळी बदलावी लागते. ताई आता सकाळी केंद्र उघडण्याआधी जॉगिंग ट्रॅकवर, सपाट जागी, काठी न घेता चालते आणि आठवड्यातून तीनदा वाळूच्या पिशव्या पायाला बांधून व्यायाम करते. वजन ८९ वर आले आहे, फार सावकाश, आणि डॉक्टरांना हा सावकाशपणाच हवा आहे. वजन उतरवणाऱ्या आठवड्याच्या इंजेक्शनांबद्दल तिला हल्ली बरेच जण सांगतात. ती घेणे न घेणे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. घेणाऱ्याने मात्र पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगायलाच हवे, कारण त्या औषधाने पोट उशिरा रिकामे होते. शिवाय त्यानेही जे वजन जाते त्यात स्नायूंचा वाटा असतो, म्हणून व्यायाम आणि प्रथिने सुटत नाहीत.

आत्या उभी राहायला लागली ती तिच्या ताटात बदल झाल्यानंतर. दुधात दुधाची पावडर, वरण घट्ट, दुपारी मुगाचे धिरडे, संध्याकाळी पनीरचे चार तुकडे. अंड्याला तिने हात लावला नाही आणि कोणी आग्रहही केला नाही. गुडघ्यांत जीव आल्यावर फिजिओथेरपिस्टला तिच्याकडून खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम करून घेता आला. वाड्याचा जिना अजून तिला जमत नाही, म्हणून खालच्या खोलीत तिची सोय केली आहे. न्हाणीचा उंबरा फोडून टाकला आणि भिंतीला धरायला दांडी बसवली.

उपवास सोडायला ती तयार नव्हती, आणि तिने ते सोडावेत असे मलाही वाटत नव्हते. तो तिच्या आणि तिच्या देवाच्या मधला प्रश्न आहे. आहारतज्ज्ञ मुलीने तिच्याशी बसून यादी केली. साबुदाण्याच्या जागी राजगिरा आणि भगर, बटाट्याच्या जोडीला दाण्याची आमटी, दोन वेळा दूध, एकदा दही. उपवासाला हे सगळे चालतेच. एकभुक्ताचा नियम एवढा सैल झाला की रात्रीचे दूध आणि राजगिऱ्याची लापशी हे जेवण धरायचे नाही. आत्याने यावर दोन दिवस विचार केला, गुरुजींना विचारले आणि होकार दिला. गेल्या रविवारी भाच्याची वजाबाकी ४१ आली, पोटरी २८.